‘आसेर’चे गोत: एक स्पॅनिश क्रियापद, त्याचे लॅटिन मूळ आणि इंग्रजीतले भाऊबंद

स्पॅनिश शिकू लागले की पहिल्या काही धड्यांतच ‘करणे’ या अर्थाचे एक क्रियापद भेटते. दक्षिण अमेरिकेत त्याचा उच्चार ‘आसेर’ असा होतो. स्पेनच्या बहुतेक भागात त्यातल्या ‘स’च्या जागी इंग्रजी ‘थिंक’मधल्या पहिल्या वर्णासारखा आवाज येतो. लिहिताना मात्र सुरुवातीला एच हे अक्षर असते आणि ते कोणीही उच्चारत नाही. मराठीत मांडायचे तर लिहायचे ‘हासेर’ आणि वाचायचे ‘आसेर’ असा हा प्रकार आहे. नवख्या विद्यार्थ्याला हा स्पेलिंगचा एक लहरीपणा वाटतो, परंतु हा मुका एच म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ‘फ’चा अवशेष आहे. तो ‘फ’ परत जागेवर ठेवला की ‘फॅक्ट’, ‘फॅक्टरी’, ‘फॅशन’, ‘परफेक्ट’, ‘ऑफिस’, ‘सर्टिफिकेट’ हे आपण मराठीत रोज वापरत असलेले इंग्रजी शब्द एका रांगेत उभे राहतात.

मूळ लॅटिन क्रियापद ‘फाकेरे’. त्याचे कर्मणी धातुसाधित ‘फाक्तुम’, म्हणजे ‘केलेले’. लॅटिनचा जो सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक नमुना आज उपलब्ध आहे त्यात हेच क्रियापद यावे, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. रोमजवळच्या प्राएनेस्ते, म्हणजे आजच्या पालेस्त्रीना गावाच्या नावाने ओळखली जाणारी सोन्याची एक टाचणी आहे. ती इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकातली मानली जाते. तिच्यावर उजवीकडून डावीकडे चार शब्द कोरले आहेत: ‘मानिओस मेद फेफाकेद नुमासिओइ’. म्हणजे ‘मानिओसने मला नुमासिओससाठी बनवले’. बोलते आहे ती टाचणीच. हा लेख एकोणिसाव्या शतकात कोणी तरी बनावट कोरला असावा, अशी शंका अनेक वर्षे घेतली जात होती, पण 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीने तो अस्सल असल्याचा निर्वाळा दिला. यातले ‘फेफाकेद’ हे ‘फाकेरे’चे जुने भूतकाळी रूप असून त्यात धातूचा पहिला वर्ण दोनदा आला आहे. संस्कृत व्याकरण शिकलेल्या वाचकाला इथे ‘चकार’, ‘ददौ’, ‘दधौ’ यांतले द्वित्व आठवेल, आणि ते आठवणे अस्थानी नाही, कारण दोन्ही भाषांना ही रीत एकाच पूर्वज भाषेकडून मिळालेली आहे.

आता ‘फ’चा ‘ह’ कसा झाला, ते पाहू. स्पॅनिश ही मुळात कास्तीय या उत्तरेकडच्या प्रदेशाची बोली. त्या बोलीत शब्दाच्या आरंभी असलेला लॅटिन ‘फ’ हळूहळू ओठांवरून सुटला आणि नुसता श्वास उरला. पुढे तो श्वासही गेला. ही एका शब्दाची कथा नाही. लॅटिन ‘फिलिउस’ म्हणजे मुलगा, स्पॅनिशमध्ये ‘इहो’. ‘फारीना’ म्हणजे पीठ, त्याचे ‘आरीना’. ‘फेर्रुम’ म्हणजे लोखंड, त्याचे ‘येर्रो’. ‘फूमुस’ म्हणजे धूर, त्याचे ‘ऊमो’. ‘फाबुलारी’ म्हणजे गप्पा मारणे, त्याचे ‘आब्लार’, म्हणजे बोलणे. या सर्व स्पॅनिश शब्दांच्या सुरुवातीला लिखाणात तोच मुका एच उभा आहे. शेजारच्या पोर्तुगीजने मात्र ‘फ’ सोडला नाही. तिथे ‘करणे’ला ‘फाझेर’ म्हणतात. फ्रेंचमध्ये ‘फेर’ आणि इटालियनमध्ये ‘फारे’.

कास्तीयमध्येच असे का घडले, यावर मोठा वाद झाला आहे. रामोन मेनेंदेस पिदाल या स्पॅनिश अभ्यासकाने मांडलेले मत असे, की कास्तीयच्या जन्मभूमीला लागून बास्क भाषेचा प्रदेश आहे, जुन्या बास्कमध्ये ‘फ’ हा वर्णच नव्हता, आणि तिथल्या लोकांनी लॅटिन उचलली तेव्हा त्यांच्या जिभेला जे जमले तेच रूढ झाले. पिरेनीज पर्वतापलीकडच्या गॅस्कन बोलीतही, म्हणजे बास्क प्रदेशाच्या दुसऱ्या बाजूलाही, हाच बदल दिसतो, ही या मताची सर्वांत भक्कम बाजू आहे. विरोधकांचे म्हणणे असे, की इटलीतल्या काही बोलींतही ‘फ’चा ‘ह’ झालेला आढळतो आणि तिथे बास्क लोकांचा संबंध नाही, तेव्हा हा बदल आपोआपही घडू शकतो. माझ्या मते दुसरा आक्षेप पहिल्या मताला पुरता खोडून काढत नाही. जो बदल मुळात सोपा आहे तो शेजारामुळे लवकर आणि सर्वत्र झाला, असे म्हणण्यात विसंगती नाही. मराठी वाचकाला तो सोपा का आहे हे सांगण्याची गरजही नाही. संस्कृत ‘दधि’चे ‘दही’ झाले आणि ‘भवति’पासून प्राकृतातून ‘होतो’ आले, तेव्हा तोंडातला अडथळा गळून श्वास तेवढा मागे राहिला, हीच गोष्ट घडली होती.

या बदलालाही नियम आहेत. ‘फ’नंतर ‘र’ किंवा पुढे ‘वे’ असा स्वर आला, तर ‘फ’ टिकला: थंडी म्हणजे ‘फ्रीओ’, आग म्हणजे ‘फ्वेगो’, झरा म्हणजे ‘फ्वेन्ते’. लिखाणात ‘फ’ बराच काळ चालू राहिला. आंतोनियो दे नेब्रिहा याने 1492 मध्ये कास्तीयच्या भाषेचे पहिले छापील व्याकरण सिद्ध केले तेव्हा तो एच लिहीत होता आणि त्या काळी तो उच्चारलाही जात होता. 1605 मध्ये सेर्व्हान्तेसच्या ‘दोन किहोते’ या कादंबरीचा पहिला भाग प्रसिद्ध झाला तोवर ‘फ’वाली रूपे इतकी जुनाट झाली होती, की त्याने ती मुद्दाम आपल्या भ्रमिष्ट सरदाराच्या तोंडी घातली; जुन्या वीरकथा वाचून डोके फिरलेला हा गृहस्थ आवेशात आला की पोथीतली भाषा बोलू लागतो आणि ऐकणारे चक्रावतात. उलट, दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियाच्या बोलीत तो श्वास आजही काही ठिकाणी ऐकू येतो. ‘खोल’ या अर्थाचा स्पॅनिश शब्द ‘ओन्दो’, पण तिथल्या आर्त लोकगायनाला ‘कान्ते होन्दो’ म्हणतात, आणि या ‘होन्दो’तला ‘ह’ म्हणजे लॅटिन ‘फुन्दुस’मधल्या ‘फ’चा शेवटचा श्वास आहे.

‘फाक्तुम’चे पुढे काय झाले, हे पाहण्यासाठी त्यातल्या ‘क्त’ या जोडाक्षराकडे लक्ष द्यावे लागते. हे जोडाक्षर उच्चारायला जड आहे आणि लॅटिनच्या प्रत्येक मुलीने ते आपापल्या परीने हलके केले. स्पॅनिशने त्याचा ‘च’ केला, पोर्तुगीजने ‘इत’ केला, इटालियनने ‘त्त’ केला. म्हणून ‘केलेले’ या अर्थी स्पॅनिशमध्ये ‘एचो’, पोर्तुगीजमध्ये ‘फेइतु’ आणि इटालियनमध्ये ‘फात्तो’. आठ या संख्येला लॅटिनमध्ये ‘ओक्तो’, तर या तिन्ही भाषांत अनुक्रमे ‘ओचो’, ‘ओइतु’, ‘ओत्तो’. दूध म्हणजे लॅटिन ‘लाक्तेम’. त्याचे स्पॅनिशमध्ये ‘लेचे’ झाले आणि इटालियनमध्ये ‘लात्ते’, जे आता कॉफीच्या दुकानांमुळे पुण्या-मुंबईतही सर्वांना ठाऊक आहे. इटालियनची रीत आपल्या प्राकृताचीच आहे. संस्कृत ‘भक्त’ म्हणजे शिजवलेले अन्न, प्राकृतात ‘भत्त’, मराठीत ‘भात’. ‘सक्तु’चे ‘सत्तु’ आणि मग ‘सातू’. ‘मौक्तिक’चे ‘मोत्तिअ’ आणि मग ‘मोती’. हजारो मैल दूर, एकमेकींचा पत्ता नसलेल्या दोन भाषांनी एकाच जोडाक्षराची एकाच प्रकारे विल्हेवाट लावली.

इथवर जे शब्द पाहिले ते तोंडोतोंडी झिजत आलेले, म्हणजे आपल्या व्याकरणाच्या परिभाषेत तद्भव आहेत. स्पॅनिशमध्ये तत्समही आहेत, कारण पाद्री, वकील आणि पंडित हे लॅटिन ग्रंथांतून थेट शब्द उचलत राहिले. हे उचललेले शब्द झिजलेले नसतात, त्यामुळे त्यांत ‘फ’ही शाबूत असतो आणि ‘क्त’ही. लॅटिन ‘फाक्तूरा’ म्हणजे बनावट, घडण. त्याचे तद्भव रूप ‘एचूरा’, म्हणजे शिवणकामाची वा कारागिरीची घडण. शिंप्याच्या मजुरीलाही हाच शब्द. त्याचे तत्सम रूप ‘फाक्तूरा’, म्हणजे दुकानदाराने दिलेले बिल. तोच लॅटिन शब्द जुन्या फ्रेंचमधून झिजत इंग्रजीत पोहोचला तेव्हा त्याचे ‘फीचर’ झाले; प्रथम शरीराची ठेवण, मग चेहऱ्याची ठेवण आणि आता मोबाइलची वैशिष्ट्ये. माद्रिदच्या शिंप्याची मजुरी आणि मोबाइलच्या जाहिरातीतले ‘न्यू फीचर्स’ ही सख्खी भावंडे आहेत, हे वरून पाहून कोणाला सुचणार नाही.

इंग्रजीबद्दल एक गोष्ट स्पष्ट असली पाहिजे: ती लॅटिनची मुलगी नाही. ती जर्मन, डच यांच्या घरातली. परंतु 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढची तीनेक शतके दरबार व कचेऱ्या फ्रेंचमध्ये चालल्या, त्यामुळे झिजलेले लॅटिन शब्द फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत शिरले. नंतर विद्वानांनी तेच शब्द मूळ लॅटिनमधून पुन्हा आणले. परिणामी इंग्रजीत एकाच शब्दाच्या जोड्या झाल्या. ‘फाक्तुम’पासून फ्रेंचच्या वाटेने ‘फीट’ आला, म्हणजे पराक्रम. थेट लॅटिनमधून ‘फॅक्ट’ आला. ‘फॅक्ट’चाही पहिला अर्थ ‘केलेले कृत्य’ असाच होता, आणि तो बहुधा वाईट कृत्याला लागे. गुन्हा घडून गेल्यावर गुन्हेगाराला मदत करणाऱ्याला इंग्रजी कायदा ‘अ‍ॅक्सेसरी आफ्टर द फॅक्ट’ म्हणतो, तिथे हा जुना अर्थ अजून जिवंत आहे. ‘सत्य घटना’ हा आजचा अर्थ मागाहूनचा. ‘फाक्तिओ’, म्हणजे करण्याची क्रिया किंवा एकत्र येऊन करणाऱ्यांचा गट, याचीही अशीच जोडी आहे: फ्रेंचच्या वाटेने ‘फॅशन’ आणि थेट मार्गाने राजकारणातला ‘फॅक्शन’, म्हणजे गटबाजीतला गट. ‘अफेअर’ हा तर फ्रेंच ‘आ फेर’, म्हणजे ‘करावयाचे’, एवढाच शब्दप्रयोग आहे. त्याच घडणीचा स्पॅनिश शब्द ‘केआसेर’, पण त्याच्या वाट्याला घरकाम आले.

मग ‘परफेक्ट’मध्ये ‘फाक्त’चे ‘फेक्त’ का झाले, आणि ‘ऑफिस’मध्ये ‘फिस’ का? याचे उत्तर लॅटिनच्याही आधीच्या इतिहासात आहे. फार जुन्या काळी लॅटिन शब्दाच्या पहिल्या अक्षरावर आघात पडत असे. धातूला उपसर्ग लागला की आघात उपसर्गावर जाई आणि धातूतला ‘आ’ दुबळा होई; पुढे जोडाक्षर असेल तर त्याचा ‘ए’ होई, नसेल तर ‘इ’. म्हणून ‘पेर’ हा उपसर्ग लागून ‘पेरफिकेरे’, म्हणजे शेवटास नेणे, आणि त्याचे धातुसाधित ‘पेरफेक्तुस’, म्हणजे शेवटास नेलेले. हा एक नियम हाती आला की डिफेक्ट, इफेक्ट, इन्फेक्शन, एफिशियंट, सॅक्रिफाइस हे सगळे शब्द आपण होऊन उलगडतात. ‘ऑफिस’ म्हणजे ‘ओपुस’, काम, अधिक ‘फाकेरे’. ‘सर्टिफिकेट’ म्हणजे निश्चित करणारा कागद. ‘फॅक्स’ हा ‘फॅक्सिमिली’चा तुकडा असून लॅटिनमध्ये ‘फाक सिमिले’ ही चक्क आज्ञा आहे: तंतोतंत तसेच कर.

‘सिम्प्लिफाय’, ‘व्हेरिफाय’ यांतले शेपूटही ‘फाकेरे’चेच. लॅटिन ‘वेरिफिकारे’ म्हणजे खरे करणे, खरेपणा ठरवणे. इंग्रजीत त्याचे ‘व्हेरिफाय’ झाले. स्पॅनिशमध्ये तत्सम ‘वेरिफिकार’ आहेच, पण तद्भव रूप आहे ‘आवेरिग्वार’, म्हणजे छडा लावणे, चौकशी करून शोधून काढणे. स्वरांमध्ये सापडलेल्या ‘क’चा इथे ‘ग’ झाला आहे, जसा ‘सकल’चा ‘सगळा’ होताना आपल्याकडे झाला. माझ्या मते हा शब्द या सगळ्या घराण्यातला सर्वांत देखणा आहे, कारण ‘फाकेरे’चा त्यात जवळजवळ मागमूस उरलेला नाही आणि तरीही प्रत्येक पायरी दाखवून देता येते.

आता ‘हासिएन्दा’. उच्चार ‘आसिएन्दा’, इंग्रजीने मात्र मुक्या एचलाही आवाज दिला. मेक्सिकोतल्या मोठ्या जमीनदारीचा, मध्ये वाडा आणि भोवती शेकडो एकर शेते असलेला जो परिसर असतो, त्याला हे नाव आहे. स्पेनमध्ये मात्र ‘आसिएन्दा’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे प्राप्तिकर खाते येते, कारण तिथल्या अर्थखात्याच्या नावातच हा शब्द आहे. मूळ लॅटिन ‘फाकिएन्दा’, म्हणजे ‘करावयाच्या गोष्टी’. ‘अजेंडा’ आणि ‘रेफरेंडम’ हे शब्दही याच प्रत्ययाने बनले आहेत. करावयाच्या गोष्टी, त्यावरून कारभार, कारभारावरून मालमत्ता, आणि मालमत्तेवरून एकीकडे जमीनजुमला तर दुसरीकडे सरकारी खजिना, असा या अर्थाचा प्रवास झाला. संस्कृतात हे काम ‘तव्य’, ‘अनीय’, ‘य’ हे प्रत्यय करतात: कर्तव्य, करणीय, कार्य.

पोर्तुगीजमध्ये याच शब्दाचे रूप ‘फाझेन्द’. ब्राझीलमधले कॉफीचे मळे म्हणजे फाझेन्द, आणि तिथले अर्थखातेही फाझेन्दच. हा शब्द आपल्या किनाऱ्यावरही येऊन गेला. सोळाव्या शतकात गोव्यातील पोर्तुगीज सत्तेचा जो महसुलाचा मुख्य अधिकारी असे त्याचा हुद्दा ‘वेदोर द फाझेन्द’ असा होता. मुंबईत तर तो कागदोपत्री अजून टिकून आहे. 1534 मध्ये मुंबईची बेटे पोर्तुगिजांकडे गेली आणि 1661 च्या विवाहतहानंतर ती इंग्रजांकडे आली, तरी पोर्तुगीज अमलातले काही जमीनधारक कायम राहिले. त्यांना ‘फझेंदार’ आणि त्यांच्या जमिनीच्या धारणाप्रकाराला ‘फझेंदारी’ म्हणू लागले. दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या मिळकत पत्रिकांवर धारणाप्रकाराच्या रकान्यात हा शब्द आजही वाचायला मिळतो. लॅटिन धातू, पोर्तुगीज शब्द आणि शेवटी आपला फारसी ‘दार’ व ‘ई’ असा तो बनला आहे.

इंग्रजी ‘फॅक्टरी’ आपल्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा तिच्यात यंत्रे नव्हती. ‘फॅक्टर’ म्हणजे धन्याच्या वतीने व्यवहार करणारा गुमास्ता, आणि तो जिथे बसे ती फॅक्टरी. ईस्ट इंडिया कंपनीने 1613 मध्ये सुरतेत उघडली ती अशी फॅक्टरी, आणि मराठीने तिला ‘वखार’ हे अचूक नाव दिले.

पोर्तुगीज खलाशांनी आणखी एक शब्द जगभर नेला. लॅटिन ‘फाक्तिकिउस’ म्हणजे कृत्रिम, हाताने बनवलेले. त्याचे पोर्तुगीजमध्ये ‘फेइतिसु’ आणि स्पॅनिशमध्ये ‘एचीसो’ झाले, आणि दोन्हींचा अर्थ करणी, जादूटोणा असा बनला. मराठीनेही ‘करणी’ हा शब्द ‘करणे’पासूनच घडवला आहे. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे ताईत आणि पूजेच्या वस्तू पाहून पोर्तुगिजांनी त्यांना ‘फेइतिसु’ म्हटले. शार्ल द ब्रोस याने 1760 मध्ये अशा देवतांच्या पूजेवर फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिला आणि ‘फेटिश’ हा शब्द धर्माच्या अभ्यासात स्थिर झाला.

लॅटिनच्याही मागे गेल्यास ‘फाकेरे’चा धातू संस्कृत ‘धा’शी, म्हणजे ठेवणे, मांडणे या अर्थाच्या धातूशी जुळतो. ‘ध’ आणि ‘फ’ यांचे नाते विचित्र वाटते, पण शब्दारंभी ते नियमाने सापडते: संस्कृत ‘धूम’, लॅटिन ‘फूमुस’. जर्मन घराण्यात त्याच जागी ‘ड’ येतो. म्हणून इंग्रजीचे स्वतःचे ‘डू’ आणि ‘डीड’ हेही याच धातूचे आहेत, आणि ‘डीड’ व ‘फॅक्ट’ चुलत भाऊ ठरतात. आपल्याकडे विधी, विधान, निधी, संधी हे ‘धा’चे शब्द आहेत. ‘विधेय’ हा तर ‘फाकिएन्दा’चा सर्वांत जवळचा आप्त: धातू तोच, आणि प्रत्ययाचा अर्थही ‘करावयाचे’ हाच. विधिमंडळात विधेयक मांडले जाते तेव्हा ते या नात्याने हासिएन्दाच्या कुळातले असते.

सारखेपणावरून नाते ठरवण्याचा मोह इथे टाळावा लागतो. ‘डू’ आणि ‘आसेर’ यांच्या उच्चारात एकही व्यंजन समान नाही, तरी ते एका धातूचे. उलट, स्पॅनिश ‘आबेर’ हा शब्द लिखाणात इंग्रजी ‘हॅव्ह’सारखा दिसतो, दोन्ही साहाय्यक क्रियापदे म्हणून सारखेच काम करतात, तरी त्यांचा संबंध नाही, लॅटिन ‘ह’च्या जागी इंग्रजीत ‘ग’ अपेक्षित असतो, आणि ‘हॅव्ह’चा खरा आप्त ‘पकडणे’ या अर्थाचे लॅटिन ‘कापेरे’ हा आहे. ‘मूचो’ आणि ‘मच’ यांचा अर्थ एक, पण मुळे वेगळी. आणि स्पॅनिश ‘दीआ’, म्हणजे दिवस, हा इंग्रजी ‘डे’चा कोणी नाही, तो आपल्या ‘दिवस’चा नातेवाईक आहे.